सेंट थॉमसचे फोटो आणि तुमचं पळसदेव

लास वेगास, रविवार रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

लेकाकडे येऊन महिना झाला. परवा सूनबाईंनी इथल्या विद्यापीठाच्या संग्रहातले जुने फोटो संगणकावर दाखवले, आणि तुझी फार आठवण आली. गाव सेंट थॉमस, नेवाडाच्या वाळवंटातलं. हूवर धरणाच्या मीड जलाशयात बुडालेलं.

1865 साली मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी मडी आणि व्हर्जिन या नद्यांच्या संगमाजवळ ते वसवलं. आपण नेवाडात नाही, याच समजात ती माणसं राहत होती. मोजणीत गाव नेवाडाच्या हद्दीत निघालं आणि नेवाडानं मागचा सगळा कर सोन्यात मागितला. 1871 मध्ये एक कुटुंब सोडून सगळे उठून गेले. पुढे पुन्हा वस्ती झाली, 1912 ला रेल्वेही आली. फोटोत हेच गाव आहे रे! रस्त्याकडेची उंच झाडं, दुकान, शाळा. कुणी काही खास म्हणून काढलेले नाहीत.

आणि मग शेवटचे फोटो, घरांत पाणी शिरलेलं. थडग्यांतले मृतदेहसुद्धा आधी जवळच्या ओव्हरटन गावी हलवले होते. पाणी इथवर येणारच नाही असं मानणारा ह्यू लॉर्ड 11 जून 1938 ला होडी वल्हवत घरातून निघाला. तो गावातला शेवटचा माणूस. पाचच दिवसांनी टपाल कचेरीही बंद झाली. उजनी धरणात पळसदेव बुडालं तेव्हा तुझे आजोबा पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत बाजेवरून उठले नव्हते, ते तू सांगितलेलं आठवलं आणि मी पुढचे फोटो थांबवायला सांगितले.

तळ्याचं पाणी आटल्यामुळे 2002 पासून गाव उघडं आहे. काल जाऊन आलो. झाऊच्या झुडपांतून वाट जाते, पायाखाली पांढरे शिंपले चुरचुरतात. शाळेच्या पायऱ्या जागेवर आहेत, वर शाळा नाही. फोटोतल्या त्या झाडांचे बुंधे अजून एका रांगेत उभे आहेत, म्हणून रस्ता कुठं होता ते कळतं. सर्वांत खालच्या पायरीवर मी बराच वेळ बसलो.

उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं देऊळ दिसतं. पण देवळाभोवतीचं गाव? तुमची आळी, पार, आड? तू चौथीत असताना सुटलेलं घर तुझ्या नातवाला कशावरून दाखवणार? इथले फोटो कुणीतरी जपले म्हणून मला परक्या मुलखातला रस्ता ओळखता आला.

तुझ्या काकूच्या लग्नातला एक फोटो ट्रंकेत आहे ना, मंडपामागे तुमची माडी दिसणारा? तो काढ. काकूला नजर आहे तोवर तिच्याजवळ बस. कोण कुठं उभं आहे, मागचं दार कुणाचं, सगळं विचार आणि मागच्या बाजूला पेन्सिलीनं हलक्या हातानं लिही. पेनानं नको, शाई पुढे उमटते. शेजारपाजारच्यांच्या ट्रंकाही उघडायला लाव. मी दिवाळीआधी येतोय, स्कॅन करायचं माझ्याकडे लागलं.

वहिनींना नमस्कार, काकूंना साष्टांग.

तुझाच,
बालमित्र