रविवारची शोकसभा आणि एक विनंती
सभासदहो,
बी विंगमधल्या काकांची नात प्रशिक्षण उड्डाणात विमान कोसळून गेली. गच्चीवर पतंग सोडून आभाळातलं विमान बघत बसायची, ती हीच पोर.

शोकसभा रविवारी सकाळी १० वाजता, गोडोलीत आपल्याच हॉलमध्ये. हार नकोत, लांब भाषणंही नकोत.

अपघाताचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. टाकले असतील तर आत्ताच काढा, आजी ग्रुपवर आहेत. ‘इंजिन बंद पडलं’, ‘तिचंच चुकलं’ असले अंदाजही बंद. तपास एएआयबी, म्हणजे विमान अपघातांचा तपास करणारी केंद्र सरकारची संस्था, करते. प्राथमिक अहवाल साधारण ३० दिवसांत येतो, अंतिम अहवालाला वर्षही लागतं. तोवर आपण कोण ठरवणार?

डबे सी विंगकडे आहेत. तिखट कमी घाला, काकांना सोसत नाही.

– सचिव