मंत्रिमहोदय, विधवांना वारसा नाकारणारा 1963 चा तो आदेश एकदाचा मोडीत काढा

प्रति,
मा. समाजविकास, महिला व विशेष गट मंत्री,
टांझानिया सरकार, दोदोमा

सप्रेम नमस्कार.

बारा वर्षं दार-ए-सलाममध्ये आहे, पण माझी स्वाहिली भाजीबाजारापुरतीच. म्हणून लिहिलं मराठीत. आपल्याला पाठवलेली स्वाहिली प्रत एका सहकाऱ्याने करून दिली.

आमच्या ऑफिससमोर एक मामा लिशे बसते. इथे मामा म्हणजे आई. रस्त्यावर रांधून विकणाऱ्या बाईला हेच नाव. कोळशाच्या शेगडीवर भात आणि राजम्याची उसळ. चारच्या सुमारास बोडाबोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवरून, एक पोरगा येतो. ती कांगाच्या, म्हणजे अंगावर गुंडाळलेल्या कापडाच्या, गाठीतून कर्जाच्या हप्त्याच्या नोटा सोडवते, तो वहीत खूण करतो. रोज. पावसाने गिऱ्हाईक फिरकलं नाही, तरीही. या कर्जाला लोक 'काउशा दामू' म्हणतात, रक्त सुकवणारं. आमच्याकडचा सावकार निदान सुगीपर्यंत तरी थांबायचा.

आपल्या पालिका स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के भाग बिनव्याजी कर्जांसाठी ठेवतात, त्या 10 पैकी 4 टक्के बायकांच्या गटांना. 2023 मध्ये थांबवलेली ही योजना पुन्हा सुरू केलीत, बरं झालं. पण ही बाई मुळात शहरात का आली? म्वांझाकडे नवऱ्याचं शेत होतं. तो गेला आणि दिरांनी तिला पोरांसकट बाहेर काढलं. दिरांना कायद्याची भीती नव्हती, कारण कायदा त्यांच्याच बाजूचा. 1963 च्या रूढीविषयक आदेशाप्रमाणे नवऱ्याच्या कुळातले नातेवाईक असतील तर विधवेला त्याच्या मालमत्तेत वाटा नाही. तिने मुलांच्या आधारावर राहायचं. 1999 चा जमीन कायदा बाईला पुरुषाइतकाच हक्क देतो, पण वारसाचा प्रश्न आला की भाऊबंद जुनाच कागद काढतात.

अशाच दोन विधवा कोर्टात गेल्या होत्या. 2006 मध्ये उच्च न्यायालयाने नियम भेदभावाचे आहेत हे मान्य केलं, पण ते रद्द करायला नकार दिला. अपील चार वर्षं पडून राहिलं आणि 2010 मध्ये फेटाळलं गेलं. कारण काय, तर उच्च न्यायालयाच्या हुकुमावरची तारीख चुकीची होती! शेवटी त्या संयुक्त राष्ट्रांच्या महिला भेदभावविरोधी समितीकडे गेल्या आणि 2015 मध्ये समितीने त्यांच्या बाजूने कौल दिला.

विधेयक मांडणं कायदा खात्याचं काम, हे मला ठाऊक आहे. पण मंत्रिमंडळात हा विषय आपण नाही काढणार तर कोण? आदेश रद्द करा, आणि रद्द करणाऱ्या कागदावरची तारीख तेवढी आधी तपासून घ्या.

आपला,
दार-ए-सलाममधला एक मराठी रहिवासी