संगणक नाही म्हणून पेटी बंद ठेवू नका

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

शाळांमधले संगणक धूळ खात पडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली, म्हणून हे पत्र.

आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत आर्डुइनो नॅनोच्या, म्हणजे प्रोग्रॅम टाकून दिवे, सेन्सर चालवता येणाऱ्या बोटाएवढ्या सर्किटच्या, दहा बोर्डांची पेटी येऊन वर्ष झाले. ते बोर्ड अजून कपाटात आहेत, पिशव्यासुद्धा फोडलेल्या नाहीत. विचारले तर उत्तर मिळाले, "संगणक कक्षच बंद आहे, प्रोग्रॅम टाकणार कशावरून?"

मी तंत्रनिकेतनात ३१ वर्षे प्रयोगशाळा साहाय्यक होतो. ८०८५ या जुन्या मायक्रोप्रोसेसरच्या शिकाऊ किटला संगणक कधी जोडावाच लागला नाही. किटवरच्याच बटणांनी मुले प्रोग्रॅमचा एकेक बाइट, म्हणजे दोन अक्षरांचा सांकेतिक आकडा, भरायची: ३ई, ०५, ०६, ०३, ८०, ३२, ५०, २०, ७६. मग प्रोग्रॅम चालवून मेमरीतला २०५० हा पत्ता उघडायचा. तिथे ०८ दिसले, म्हणजे पाच आणि तीनची बेरीज बरोबर आली, की मुलांचे चेहरे बघण्यासारखे असत. मध्येच लाइट गेली तर मात्र सगळे पुसले जाई आणि पुन्हा ३ई पासून सुरुवात.

आज ती अडचणही उरलेली नाही. गेल्या उन्हाळ्यात शेजारची आठवीतली मुलगी माझ्याकडे यायची. आईचा अँड्रॉइड फोन, एक ओटीजी जोडणी (फोनला यूएसबी उपकरण जोडणारा छोटा अडॅप्टर), नॅनोची केबल, एवढ्यावर आमचे काम चालले. आर्डुइनोड्रॉइड हे ॲप एकदा उतरवून घेतले की प्रोग्रॅम फोनवरच लिहिता येतो, तिथेच कंपाइल होतो, म्हणजे बोर्डाला कळेल अशा भाषेत बदलतो, आणि केबलमधून बोर्डात जातो. बोर्डाला वीजही फोनच पुरवतो. तिने तुळशीच्या कुंडीत दोन खिळे रोवले, १० किलोओहमचा रेझिस्टर जोडला आणि मातीच्या ओलीचा आकडा फोनवर आणला. तांब्याभर पाणी घातल्याबरोबर आकडा बदलला, तेव्हा ती आईला हाक मारत अंगणातून पळाली. संध्याकाळी फोन आईकडे परत गेला, पण प्रोग्रॅम बोर्डाच्या ३२ केबी फ्लॅशमध्ये, म्हणजे वीज गेली तरी न पुसणाऱ्या मेमरीत, तसाच राहिला. पॉवर बँक लावली की माती कोरडी झाल्यावर लाल दिवा लागायचा.

छोट्या पडद्यावर प्रोग्रॅमला लागणारे महिरपी कंस शोधताना वैताग येतो, हे खरे. काही फोनना ओटीजी चालत नाही, तेही आधी तपासून घ्यावे. पण दहा बोर्डांना दहा संगणक लागत नाहीत. शिक्षकांचा एक फोन आळीपाळीने सगळ्या गटांना पुरतो.

मुख्याध्यापकांना माझी कळकळीची विनंती आहे, संगणक दुरुस्त होतील तेव्हा होवोत, ती पेटी या आठवड्यात उघडा. विज्ञान प्रदर्शनाच्या आयोजकांनीही फोनवरून केलेला प्रकल्प तितक्याच आस्थेने पाहावा. सांगोल्याच्या आसपासच्या कोणत्याही शाळेने बोलावले तर मी माझी ओटीजी जोडणी घेऊन स्वखर्चाने येईन.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, सांगोला