लिंकनच्या आधीचा खेचरवाला

प्वेब्ला, मेक्सिको
१६ सप्टेंबर

ती. अण्णा व ती. सौ. आई,
शि. सा. नमस्कार वि. वि.

काल रात्री इथं स्वातंत्र्यदिनाचा जल्लोष होता. मोठ्या चर्चजवळच्या चौकात अकरा वाजता घंटा झाली, सगळा चौक ‘विवा मेहिको’ म्हणून ओरडला आणि मग फटाके. आज सुट्टी आहे, तेव्हा फोनवर अर्धवट राहिलेला वाद पुरा करते.

अण्णा, तुमचं म्हणणं, गुलामगिरी मोडणारा राष्ट्राध्यक्ष म्हटलं की लिंकन. त्याची घोषणा १८६३ ची. या देशाच्या राष्ट्राध्यक्षानं तसा हुकूम काढला तो १५ सप्टेंबर १८२९ ला. जोतिबा तेव्हा दोन वर्षांचे होते! त्यांनी पुढं ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली ते योग्यच, पण त्या अमेरिकेच्या अगदी शेजारी हे काम चौतीस वर्षं आधी झालं होतं. (हैतीचे लोक त्याच्याही आधीचे. तो वाद पुढच्या पत्रात.)

माणसाचं नाव विसेन्ते गेरेरो. जन्म १७८२ चा, दक्षिणेच्या डोंगरातलं तिक्स्तला हे गाव. अंगात आफ्रिकी आणि इथल्या मूळ रहिवाशांचं रक्त, धंदा खेचरांवर माल वाहण्याचा. आपल्याकडे लमाण बैलांच्या पाठीवर मीठ लादून घाट चढायचे, तसाच. त्या मुलखातून अकापुल्को बंदराची वाट जाते. मनिलाची जहाजं तिथं लागायची आणि त्यातून रेशीम-मसाल्यांबरोबर माणसंही विकायला यायची. सतराव्या शतकात हिंदुस्थानातली एक पोरगी अशीच पळवून, कोचीन-मनिला करत आणून इथं प्वेब्लात विकली होती. कातारिना दे सान हुआन हे तिला दिलेलं नाव. ती १६८८ मध्ये इथंच वारली. तिचं मूळ नाव काय नि गाव कुठलं, यावर मी बाजारात जाता-येता नुसती विचार करत बसते.

असो. १८१० मध्ये स्पेनविरुद्ध बंड पेटलं तेव्हा गेरेरो बंडाचा पुढारी मोरेलोस याच्या फौजेत शिरला. १८१५ मध्ये मोरेलोसला गोळ्या घातल्या, बाकीच्या बऱ्याच जणांनी माफी घेतली, हा मात्र डोंगर सोडेना. वाटा सगळ्या पायाखालच्या! शेवटी व्हाइसरॉयनं त्याच्या बापालाच मध्यस्थ म्हणून धाडलं. बाप स्पेनच्या बाजूचा. सांगतात की त्यानं पोराचे पाय धरले. गेरेरोनं आपल्या माणसांना बोलावलं आणि म्हणाला, हे माझे वडील, यांचा शब्द मी नेहमी मानत आलो, पण देश आधी. ते ‘देश आधी’ आज इथल्या संसदेच्या भिंतीवर सोनेरी अक्षरांत आहे. तुम्ही हे वाचून आईकडे बघणार आणि ‘बघ, पोरं कधी ऐकत नाहीत’ म्हणणार, ते मला इथून दिसतंय.

त्याला संपवायला आलेला सेनापती इतुर्बिदे, त्यालाही तो आवरेना. मग १८२१ मध्ये दोघांनी हात मिळवले आणि स्वातंत्र्याचा इग्वाला करार जाहीर झाला. त्यातलं बारावं कलम बघा: युरोपीय, आफ्रिकी, इंडियन (म्हणजे इथले मूळ रहिवासी) असा भेद न करता सगळे नागरिक. स्पेनच्या १८१२ च्या राज्यघटनेनं आफ्रिकी वंशाच्या लोकांना नेमकं हेच नाकारलं होतं. पुढं इतुर्बिदे सम्राट होऊन बसला. त्याच्यासाठी म्हणे इथल्या जोगिणींनी खास पदार्थ रांधला, तो या महिन्यात अजून घरोघरी होतो: मोठी हिरवी मिरची, आत खिमा, सफरचंद, पेअर, बेदाणे, वरून अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे दाणे. झेंड्याचे तिन्ही रंग एका ताटलीत. आई, गोड खिमा तुला झेपणार नाही. सम्राटाच्या नावानं मिरची आहे, गेरेरोच्या नावानं काही नाही, याचा मला राग येतो.

त्याची निवडणूक काही धुतल्या तांदळासारखी नव्हती, हेही सांगायला हवं. १८२८ मध्ये दुसराच निवडून आला होता. गेरेरोच्या बाजूनं बंड झालं, राजधानीतला बाजार लुटला गेला, तेव्हा हा एप्रिल १८२९ मध्ये खुर्चीवर बसला. जुलैत स्पेनची फौज तांपिकोला उतरली, म्हणून संसदेनं त्याला विशेष अधिकार दिले. फौज ११ सप्टेंबरला शरण आली आणि त्या अधिकारांतच चार दिवसांनी यानं हुकूम काढला: आजवर ज्यांना गुलाम मानलं ते आजपासून मोकळे. मालकांची भरपाई? तिजोरीत पैसे येतील तेव्हा. हे वाक्य मला फार आवडतं.

टेक्सास तेव्हा मेक्सिकोत होतं. तिथले गोरे जमीनदार गुलामांकडून कापूस पिकवत, ते बिथरले आणि डिसेंबरात टेक्सासला सूट द्यावी लागली. १८३६ मध्ये ते फुटून निघाले आणि आपल्या घटनेत गुलामगिरी घालून घेतली. मग तिथले गुलाम रिओ ग्रांदे नदी ओलांडून इकडे पळून येऊ लागले. म्हणजे तडजोड झाली तरी हुकूम फुकट गेला नाही. तुम्ही लिंकनला हिशोबी म्हणून माफ करता, तेवढं माप याच्याही पदरात टाका.

त्याच डिसेंबरात उपाध्यक्ष बुस्तामान्तेनं त्याला उलथवलं. संसदेनं ‘राज्य करायला असमर्थ’ असा शिक्का मारला. रंगावरून आणि अडाणीपणावरून बडे लोक त्याला हसतच होते. जानेवारी १८३१ मध्ये पिकालुगा नावाच्या जेनोव्हाच्या कप्तानानं अकापुल्कोला आपल्या जहाजावर जेवायला बोलावून त्याला पकडलं. किंमत पन्नास हजार पेसो. १४ फेब्रुवारीला वाहाकाजवळ कुइलापानला गोळ्या घातल्या. आता त्याच्या नावाचं अख्खं राज्य आहे, १८४९ पासून.

तुम्ही दोघं जानेवारीत येताय ना? कुइलापानचा जुना मठ वाहाका शहरापासून जवळ आहे, गाडी दारापर्यंत जाते, आईच्या गुडघ्याला त्रास नाही. व्हिसाच्या फॉर्मवरची नावं पासपोर्टशी ताडून बघा. आणि येताना मेतकूट आणाच, इथं डाळी मिळतात पण दळून देणारं कुणी नाही.

तुमची,
मंजू