काका, शाफ्ट सरळ आले. मनापासून आभार!

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

असे चारचौघांत आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत, ठाऊक आहे. तरी लिहितोय, कारण भोसरी-चिंचवडच्या पट्ट्यात जुन्या लेथवर (धातू फिरवत कापायच्या यंत्रावर) पोट असलेली माझ्यासारखी पुष्कळ माणसं आहेत आणि तुम्ही दाखवलेलं त्यांच्याही कामाचं आहे.

ऑर्डर होती ईएन-8 पोलादाच्या शाफ्टची, म्हणजे लांब गोल दांड्यांची. व्यास 25 मिमी, लांबी 600, म्हणजे व्यासाच्या 24 पट. एकीकडे दांडा पकडून फिरवणारा चक, दुसरीकडे टोकाला टेकणारं सेंटर, मध्ये आधार नाही. टोकांना माप बरोबर यायचं आणि मध्ये जाड राहायचं, कारण टूल लागलं की जॉब (कापायचा दांडा) मागे वाकायचा. मी म्हणालो, स्टेडी (जॉबला मध्ये आधार देणारी चौकट) बसवू या. तुम्ही स्टेडीकडे पाहिलंही नाही, आधी क्रॉस स्लाइड, म्हणजे टूल आत-बाहेर नेणारा सरकता भाग, दोन्ही हातांनी धरून हलवली.

गिबचा (स्लाइडमधली ढिलाई काढणाऱ्या पट्टीचा) एकेक स्क्रू थोडा आवळायचा, हँडल फिरवून पाहायचं, मग पुढचा. रोजचं काम जिथे होतं तिथे स्लाइड जास्त झिजलेली असते, म्हणून सेटिंग त्याच जागी करायचं. टोकाला थोडी जड लागली तरी हरकत नाही. टॉप स्लाइड (टूल धरणारी वरची छोटी स्लाइड) बाहेर लोंबत होती, ती तुम्ही मागे घेतलीत. टूलही पोस्टमध्ये, म्हणजे त्याच्या पकडीत, आत ढकललंत. कट देताना हँडल पुढे गेलं तर नुसतं मागे फिरवायचं नाही, अर्धा फेरा जास्त मागे नेऊन पुन्हा पुढे यायचं, म्हणजे स्क्रूचा बॅकलॅश (आट्यांमधली ढिलाई) मापात येत नाही. शेवटच्या बारीक कटासाठी टॉप स्लाइड बेडच्या रेषेपासून 5 अंश 44 मिनिटांवर फिरवलीत. तिचे 0.10 मिमी म्हणजे टूल आत फक्त 0.01! इतकी वर्षं लेथवर असून हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग ट्रॅव्हलिंग स्टेडी, टूलबरोबर सरकणारी. टूल जॉबला मागे आणि वर ढकलतं, म्हणून तिचे दोन पॅड मागे आणि वर. आधी टेलस्टॉककडचा (सेंटर धरणाऱ्या बाजूचा) जेमतेम इंचभर भाग कापून घेतलात, पॅड त्या ताज्या व्यासावर टेकवलेत, तेल सोडलंत आणि मगच फीड (टूलची सरकती चाल) लावलात. दर कटानंतर पॅड पुन्हा जुळवायचे, कारण व्यास बदललेला असतो. हा कंटाळा करणाऱ्यांचेच शाफ्ट वाकडे येतात, असं आता मी ठामपणे सांगू शकतो.

टोकाला भोक पाडायला फिक्स्ड स्टेडी (एकाच जागी बसणारी) लावली, तेव्हाचे तुमचे हात मी विसरणार नाही. एक डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं मापयंत्र) जॉबच्या वर, एक समोर. खालचे दोन पॅड इतके हळू आणलेत की काटा हललाच नाही. मग वरचा पॅड, मध्ये पतंगाचा कागद धरून. ओढला की अडखळत निघेल इतपत. "आधार द्यायचाय, ढकलायचं नाहीये," एवढंच बोललात.

आणि सेंटर! जॉब 20 अंशांनी तापला तर 600 मिमीचं पोलाद साधारण 0.14 मिमी वाढतं. जागा मिळाली नाही तर ते मध्ये बाक धरतं. म्हणून अधूनमधून टेलस्टॉक सैल करून सेंटर पुन्हा हलकं टेकवायचं. आमच्याकडे आता सगळे हे न सांगता करतात.

सगळे शाफ्ट पास झाले. पैसे घ्यायला तुम्ही तयार नव्हता, म्हणून ते इथे मांडत नाही. पण ज्या कारागिराने आयुष्यभराचं हातातलं कसब काही हातचं न राखता, कारणासकट समजावून दिलं, त्याचे आभार जाहीरच मानायला हवेत.

तुमचा एक डायल गेज आमच्या कपाटात राहिलाय. रविवारी घरी आणून देतो. काकूंना नमस्कार.

कळावे, लोभ असावा.
आपला,
भोसरीचा एक टर्नर