गांजा खुला करायचा, पण कुणासाठी?

शिरपूर

प्रिय सुन्या,

काय रे भो, पुण्यात बसून लिहितोस की गांजा खुला करा, सरकारला कर मिळेल, पोलिसांचा व्याप वाचेल. अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी हे पत्र.

ओढणाऱ्याला तुरुंगात टाकून कुणाचंच भलं होत नाही, हे मी कोर्टात रोज बघतो. १९८५ च्या अंमली पदार्थ कायद्यात गांजाच्या नुसत्या सेवनालाही सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण त्यातच कलम ६४-अ आहे. थोड्या मालासह सापडलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. 'थोडा' म्हणजे गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत. पोरांच्या बापांना हे ठाऊकच नसतं. ते आधी ओळखीचा हवालदार शोधतात, मग वकील. गंमत म्हणजे त्याच झाडाच्या नुसत्या पानांची भांग या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही. सोबत फुलोरा आला की गुन्हा!

आता आपल्या भागाचं बघ. सातपुड्याच्या पायथ्याशी तुरीत, कपाशीत लपवलेली झाडं पोलीस उपटतात, पेपरात फोटो येतो. फोटोत असतो तो वावरात राबणारा आदिवासी. लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. बियाणं देणारा, आगाऊ पैसे मोजणारा, माल आग्रा रोडला पोचवणारा, यांची तोंडं मला आरोपीच्या पिंजऱ्यात क्वचितच दिसली.

उद्या लागवडीचं लायसन निघालं तर ते या राबणाऱ्या माणसाला मिळेल का? त्याच्याकडे बहुधा वनपट्टा, म्हणजे कसायला मिळालेली वनजमीन, तोही कित्येकदा मंजुरीत अडकलेला. सातबारा कुठून आणणार? लायसन घेईल कंपनी, आणि हा राहील चोरच. तुझ्या कराच्या हिशोबात हा माणूस मला कुठेच दिसला नाही.

कराचं म्हणशील, तर दारूच बघ. केंद्राच्या २०१९ च्या पाहणीत दारू पिणारे १४.६ टक्के होते, भांग-गांजा-चरसवाले मिळून २.८. दारूच्या पैशाची सरकारला इतकी सवय झालीय की गावातलं दुकान बंद करायला बायांना मतदानात आडवी बाटली, म्हणजे दुकान बंदचं चिन्ह, जिंकून दाखवावी लागते. गांजाच्या दुकानाचं वेगळं काय होणार? थायलंडने २०२२ मध्ये पुरेसे नियम न करताच गांजा मोकळा केला, गल्लोगल्ली दुकानं झाली, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. शिवाय कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला मनोविकाराचा धोका वाढतो. दुकानदार काय वय विचारणार? आपल्याला कुणी विडी देताना विचारलं होतं का?

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ओढणारा आणि दहा-वीस झाडं लावणारा, या दोघांना आधी तुरुंगातून सोडवा. दुकानाची घाई नको.

दिवाळीत येशील तेव्हा बँकवाल्या मेव्हण्याला घेऊन ये. कराचं डोकं त्याचंच दिसतंय, त्याच्याशीच भांडतो.

तुझा,
पंक्या