जामीन राहण्याआधी

चि. सोनूस,

प्रभूमध्ये सलाम आणि पुष्कळ आशीर्वाद.

काल तू ड्यूटीवर निघायच्या घाईत होतीस, म्हणून फोनवर लांबण लावली नाही. मैत्रिणीच्या फीच्या कर्जाला जामीन राहावं का, यासाठी तू प्रार्थना केलीस हे ऐकून बरं वाटलं. पण मग ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चिठ्ठ्या टाकल्यास आणि ‘हो’ निघाली म्हणून सही करायला निघालीस, हे मला पटलेलं नाही.

तू म्हणशील, बाराव्या प्रेषिताची, मत्थियाची, निवड चिठ्ठ्या टाकूनच झाली की! झाली. पण ती प्रेषितांच्या कृत्यांच्या पहिल्या अध्यायात. दुसऱ्यात पवित्र आत्मा उतरला, आणि त्यानंतर त्या पुस्तकात प्रेषितांनी पुन्हा चिठ्ठ्या टाकलेल्या दिसत नाहीत. पुढे, यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांनी सुंता करावी का, याचा केवढा वाद उठला. तेव्हा यरुशलेमेत बसून खूप वादविवाद केला, एकमेकांचं ऐकून घेतलं, मग ठरवलं. याकोबही आपल्या पत्रात आपल्याला देवाजवळ शहाणपण मागायला सांगतो. चिठ्ठी उचलायला कसलं आलंय शहाणपण?

यहोशवाचा नववा अध्याय पुन्हा वाच. गिबोनी लोक झिजलेल्या वहाणा, ठिगळं लावलेले बुधले आणि बुरसलेल्या भाकरी घेऊन आले, ‘फार लांबून आलोय’ म्हणाले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी शिदोरी तपासली, पण परमेश्वराला विचारलं नाही. तुम्हाला मारणार नाही अशी शपथ देऊन मोकळे झाले. तीन दिवसांनी कळलं की ही माणसं तर शेजारचीच! पण शपथ मोडता येईना. पुढे शौल राजाने ती मोडली, त्यापायी दावीदाच्या काळात तीन वर्षं दुष्काळ पडला. त्या पुढाऱ्यांनी भाकरी बघितली, देवाला विचारलं नाही. तू देवाला विचारलंस, पण भाकरी कुठे बघितलीस? हप्ता किती, मुदत किती, तिचं आधीचं कर्ज आहे का, यातलं एकही तुला सांगता आलं नाही.

पतसंस्थेत जन्म गेला माझा. कर्ज थकलं की सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघायचा, आणि पगारातून कपात व्हायची ती बऱ्याचदा जामीनदाराच्या, कारण पक्का पगार त्याचाच. बँकेने आधी कर्जदाराला गाठावं, मग जामीनदाराकडे यावं, असं तुला वाटत असेल तर तसं नाही. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ आहे: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात तर, शेजाऱ्याला जामीन होऊन बसला असशील तर डोळ्याला डोळा लागू न देता आधी स्वतःला सोडव, असं लिहिलंय. आमच्या हापिसात ते वचन भिंतीला लावायला हवं होतं, पण मग कर्जं कोणी घेतली असती!

म्हणून जामीन राहणं पापच, असं मात्र मी म्हणणार नाही. यहूदा धाकट्या भावासाठी, बन्यामिनासाठी, बापाजवळ जामीन राहिला, आणि वेळ आली तेव्हा ‘त्याच्याऐवजी मला गुलाम ठेवा’ म्हणून पुढे झाला. तेवढी तयारी असेल तर कर सही. अख्खं कर्ज तुझ्या पगारातून फेडायची वेळ आली तर मैत्रिणीवर राग न धरता फेडशील का? मी तुझ्या जागी असतो तर देवापुढे बसून हे आधी विचारलं असतं. आणि मनात ‘नाही’ आलं, तर तेही उत्तरच समज.

दरवेळी तासभर गुडघ्यावर बसायला हवं असंही नाही. नहेम्याला यरुशलेम पुन्हा बांधायला जायचं होतं; राजाने ‘तुला काय पाहिजे?’ विचारलं तेव्हा त्याने उभ्या उभ्याच प्रार्थना केली आणि बोलला. पण किती दिवस लागतील ते त्याला सांगता आलं, आणि यरुशलेमेला पोचल्यावर कुणाला काही न बोलता रात्री जाऊन पडका तट स्वतः बघून आला. ड्यूटी बदलून घेताना, कुणाला उसने पैसे देताना, एवढं तर तुलाही जमेल.

मैत्रिणीला आज फक्त एवढंच सांग की आठवडाभर थांब, घरी विचारते. वाईट वाटलं तर वाटू दे.

मम्मी म्हणते, सही देऊ नको, त्यापेक्षा तिच्या फीमध्ये आपणच दहा हजार घालू, परत आले तर आले. मला ते बरं वाटतंय. कर्जाच्या कागदांचे फोटो पाठव, सगळी पानं, बारीक अक्षरातलीसुद्धा. रविवारी उपासनेनंतर आम्ही घरीच आहोत, तेव्हा बोलू.

तुझे,
पप्पा